दोघांकडे सारखं बघा

माझा स्वभाव तापट आहे हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते लपवण्यात अर्थ नाही. जानेवारीत प्राचार्य गंगाधरसरांनी एक सडपातळ लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "पद्मजा, हा बघा. दिव्याएवढी वीज खातो आणि तुमच्या सर्व्हरच्या तोंडात मारतो. मग ती अख्खी खोली कशाला थंड करत बसायची?" तेव्हाच माझं डोकं फिरलं.

कारण ती खोली म्हणजे महिपतीभाऊ. बेडशाहून रोज मोटरसायकलवर तळेगावला यायचं, एसी बघायचा, कपाटाएवढ्या सर्व्हरची धूळ पुसायची, वायरी तपासायच्या, हे चौदा वर्षं चाललेलं. नोकरी कंत्राटी, दर मार्चला नव्याने सही. खोली बंद म्हणजे नोकरी बंद. त्रेपन्नाव्या वर्षी त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

लॅपटॉप विकणाऱ्याने सरांना दोन मिनिटांची चाचणी दाखवली होती. दोन मिनिटं कोणीही पळतं! मी संगणक शिकवते, मला हे चांगलं कळतं. कमी विजेवर चालणारा प्रोसेसर सुरुवातीला जोरात सुटतो, मग तापतो, आणि जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. आमच्या जुन्या सर्व्हरमधले दोन प्रोसेसर चालीने मंद, पण सकाळची चाल संध्याकाळीही तीच. मी स्टाफरूममध्ये लॅपटॉप तासभर राबवून पाहिला. त्याचा वेग निम्म्यावर आला.

मग मी सरांना म्हटलं, "मुलांच्या प्रोजेक्टची खरी गणितं दोघांना देऊ. सहा तासांचं काम. जो आधी संपवेल तो राहील." सर हो म्हणाले. मी मनातल्या मनात जिंकले होते. पण महिपतीभाऊंना यातलं अक्षर सांगितलं नाही. उद्या कोणी म्हणायला नको की या दोघांनी संगनमत केलं. चाचणी म्हणजे चाचणी, असा माझा ताठा.

सोमवारी सकाळी दहाला दोन्ही सुरू केले. सर्व्हर आतल्या खोलीत एसीसमोर, आणि लॅपटॉप बाहेरच्या लॅबमध्ये खिडकीपाशी, एरवी वापरतात तसा साध्या टेबलावर. मला लोणावळ्याला परीक्षेच्या कामाला जायचं होतं. निघताना म्हटलं, "भाऊ, दोघांकडे सारखं बघा हं. मी चारपर्यंत येते."

"व्हय ताई. तुमी निर्धास्त जावा."

चारला येऊन पाहते तर टेबल रिकामं. आतल्या खोलीत लॅपटॉप दोन लाकडी ठोकळ्यांवर, एसीच्या थेट झोतात. त्याचं काम तीन वाजून वीस मिनिटांनी संपलेलं. तेव्हा सर्व्हरची अजून चाळीस मिनिटं बाकी होती. सर पडद्यापुढे उभे राहून आकडे वाचत होते.

महिपतीभाऊंचा चेहरा फुललेला. "ताई, तुमी गेल्यावं धा मिन्टांत लय तापला वो त्यो. हात ठेववंना. म्हनलं, ह्येला एसी अन् त्येला न्हाई, आसं कसं? तुमीच म्हनला व्हता, दोघांकडं सारखं बघा."

सारखं! मला म्हणायचं होतं, नजर हलवू नका. त्यांनी ऐकलं, दुजाभाव करू नका. मराठीत दोन्ही बरोबर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ती मी होते, आणि रिकामं राहणार होतं दुसऱ्याच माणसाचं घर.

मी सरांच्या मागोमाग केबिनमध्ये गेले आणि भडकले. "सर, ही चाचणी खोटी आहे! महिपतीभाऊंनी उचलून एसीसमोर ठेवला म्हणून तो जिंकला. टेबलावर असता तर हरला असता. पुन्हा घेऊ."

"म्हणजे गारव्यात ठेवला की पळतो," सर शांतपणे म्हणाले. "मग बरंच झालं की. एसी माझ्या केबिनमध्येही आहे. त्या कोपऱ्यात ठेवू."

"पण सर..."

"अट तुमचीच होती, पद्मजा."

मी वळले तेव्हा महिपतीभाऊ दारात उभे होते. लॅबच्या चाव्या द्यायला आले होते, आणि माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी चाव्या टेबलावर ठेवल्या आणि गेले. मला त्या क्षणी स्वतःच्या तोंडाचा जेवढा राग आला तेवढा आजवर कशाचाच आला नाही.

फेब्रुवारीत मी सरांकडे तीनदा गेले. दुसऱ्या विभागात जागा बघा म्हटलं, लायब्ररीत घ्या म्हटलं. जागा नव्हती. महिपतीभाऊ स्वतः पवनानगरला, पर्यटकांचे तंबू लावतात तिथे, विचारून आले. तिथे तरणी माणसं हवी होती. या सगळ्यात त्यांनी रोजचं काम एक दिवसही चुकवलं नाही.

एकतीस मार्चला सर्व्हर बंद करायचा होता. तो चालू कसा ठेवायचा हे त्यांना पाठ होतं, पण बंद कधी केलाच नव्हता. कुठलं बटण आधी, कुठलं नंतर, मी सांगत गेले आणि ते दाबत गेले. पंख्यांची घरघर थांबली. चौदा वर्षांत ती खोली पहिल्यांदा गप्प झाली, आणि मला तिथे उभं राहवेना.

ते फडकं घडी करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, त्यो तापून हळू व्हनार, ह्ये तुमाला पयलंच ठावं व्हतं?"

"हो, भाऊ."

त्यांनी घडी केलेलं फडकं सर्व्हरवर ठेवलं. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"मग मला सांगायचं व्हतं की. त्येला हात न लावता मी आपला भाईर जाऊन बसलो असतो."