ग्लेनिसच्या हातची माशी

मी माशी बोलतेय. हात उगारू नका, जेवणावर घोंघावणाऱ्यांतली मी नव्हे! माझ्या पोटात पोलादी गळ आहे, अंगावर पॉसम नावाच्या झाडावरच्या प्राण्याची मऊ लव आणि गळ्याभोवती तांबड्या कोंबड्याचं पीस. ट्राउट माशाला फसवायचं, याचसाठी माझा जन्म.

मला बांधलं ग्लेनिसनं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चिमट्यात धरून. त्या घरात रीतच होती: माश्या ग्लेनिसनं बांधायच्या आणि नदीवर जायचं तिच्या नवऱ्यानं, मर्व्हनं. मासा मिळाला की तो म्हणायचा, "काय फेकली होती मी!" नाही मिळाला की, "तुझी माशीच बुडाली, ग्लेन." पत्र्याच्या डबीत आम्ही बहिणी बहिणी चडफडत बसायचो.

या सप्टेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या वसंतात, वॅटलची झाडं पिवळीधमक फुलली, मासेमारीवरची हंगामी बंदी उठली आणि त्याच आठवड्यात मर्व्ह शिडीवरून पडला. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. घरभर नुसत्या येरझाऱ्या! शेवटी ग्लेनिसनंच त्याची गळाची काठी उचलली.

"चल. तू काठावर बस, मी टाकते."

"तू? अगं, विलोच्या झाडाखालचा तो मोठा मासा मलासुद्धा दाद देत नाही!"

"मला देतो का बघू."

आणि डबीतून तिनं नेमकं मलाच उचललं!

आमची नदी धरणाच्या तळातून येते, त्यामुळे वसंतातही पाणी हाडं गोठवणारं. पण पाण्याला मी टेकलेच कुठे? पहिल्याच फेकीत जाऊन रुतले मर्व्हच्या टोपीत.

"मासे पाण्यात असतात, ग्लेन!"

"टोपी बाजूला घे, म्हणजे नदी दिसेल मला."

मग ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिचा हात बसला. पाण्यातून खऱ्या माश्या भुरुभुरु उठत होत्या आणि त्यांच्यात मी, ऐटीत तरंगत, विलोच्या सावलीत शिरले. खालून काहीतरी काळं वर आलं. पांढरा जबडा उघडला आणि खट्! काठीवरचं दोरीचं रीळ किंचाळायलाच लागलं.

"काठी वर! दोरी सोड थोडी! अगं, वर!" मर्व्ह काठावर नाचत होता.

मी जबड्याला घट्ट धरून होते. मासा उसळला, आकाश दिसलं, पुन्हा खाली अंधार. तेवढ्यात आजूबाजूनं पानं, काटक्या वाहत येऊ लागल्या. धरणातून पाणी सोडलं होतं. मघाशी उघडा असलेला दगड मर्व्हच्या डोळ्यांदेखत बुडाला आणि त्याचा आवाजच बदलला.

"ग्लेन, तोड दोरी! जाऊ दे त्याला, बाहेर ये!"

"नाही तोडणार!"

पाणी तिच्या कमरेला लागलं. ती माशाशी ओढाताण करत बसली नाही. प्रवाहाबरोबर, माशाबरोबर, तिरकी तिरकी काठाकडे सरकू लागली. आणि पाय घसरला. काठी वाकली, मी उपटलेच जाणार होते! तोच मर्व्ह बुटांसकट पाण्यात उतरला आणि डाव्या हातानं त्यानं तिचा पट्टा पकडला.

"टेक माझ्यावर. पूर्ण टेक. काठी सोडू नकोस हं!"

दोघं काठावरच्या दगडगोट्यांवर कोसळले, आणि त्यांच्यामागून उथळ पाण्यात तो, लाल ठिपक्यांचा, ग्लेनिसच्या हाताएवढा लांब. माशाला इजा नको म्हणून तिनं हात पुन्हा ओले केले, मला अलगद सोडवलं आणि त्याला परत सोडायला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. त्यानं शेपटीचा एक फटका मर्व्हच्या तोंडावर मारला आणि गेला!

दोघं थंडीनं कुडकुडत, पोट धरून हसत राहिले. मग मर्व्ह म्हणाला, "पुढच्या वेळी मी जाळं धरतो."

आता माझा एक पंख फाटलाय, पिसावर दातांच्या खुणा उमटल्यात. मर्व्ह म्हणतो, हिला काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावू, आल्यागेल्याला दाखवू. नको रे बाबा! खिडकीबाहेर वारा पडलाय, ऊन कोवळं आहे, नदीवर माश्या उठल्या असतील. ग्लेनिस, ऐकतेस ना? भिंतीवर दुसरं काहीही लाव. मला दोरीला बांध!