तिसऱ्या रांगेतला खोकला

तिने हेडफोन कानांवर घट्ट दाबले आणि तोच खोकला पुन्हा ऐकला.

छोटा होता, कोरडा होता, आणि खोकणाऱ्याने तोंडावर रुमाल धरलेला नव्हता. तिने आदल्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण लावलं. तोच खोकला. त्याच्या आधीच्या प्रयोगातही तोच, आणि नेमका त्याच जागी. नाटकातले आजोबा विकलेल्या घराला कुलूप लावायला येतात, खिडकीशी गप्प उभे राहतात. खोकला येतो. मग त्यांचं वाक्य सुरू होतं.

आजवर हे खोकले तिने संगणकाच्या पडद्यावर लाल रेघा म्हणूनच पाहिले होते. पाहुण्यांना ऐकवायला एखादा नमुना काढून ठेव, असं मामाने सकाळी सांगितलं नसतं, तर ते ऐकायचं तिला सुचलंही नसतं.

नाटक मामाचं होतं. बसवलेलं त्याने, मंडळीही त्याची. संख्याशास्त्र शिकलेल्या या भाचीला त्यानेच बोलावून घेतलं होतं. तिने प्रेक्षागृहाच्या छताला रांगेगणिक माईक टांगले. लोक कुठे हसले, कुठे चुळबुळले, कुठे खोकले, याचा आलेख प्रयोग संपला की तयार असे. मंडळींनी तिचं नाव आकडेबाई ठेवलं. ती विंगेत आली की कुणीतरी हमखास म्हणे, "हळू श्वास घ्या रे, मोजला जाईल." पण तिचे आकडे खरे ठरत गेले. पहिल्या अंकातला एक विनोद दोन वाक्यं आधी घेतल्यावर हशा दुपटीने वाढला. उशिरा येणाऱ्यांमुळे सुरुवातीचा प्रवेश वाया जातो हे तिनेच दाखवलं, आणि तेव्हापासून पडदा उघडला की दारं बंद होऊ लागली. हळूहळू चेष्टा कमी झाली. मग लोक तिच्याकडे जरा बिचकूनच बघू लागले.

आणि मग अण्णांचा प्रवेश आला. आजोबांचं काम करणारे अण्णा मंडळीतले सगळ्यात जुने नट. मामाच्या तोंडाला पहिल्यांदा रंग लावला तोही त्यांनीच, मामा तेव्हा शाळेत होता. आता त्यांच्या वाट्याला एवढा एकच प्रवेश उरला होता आणि आलेखात नेमका तोच लालेलाल दिसत होता. सगळ्यात जास्त खोकले तिसऱ्या रांगेत. मामा त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसला. माणसं कंटाळली की खोकतात, एवढंच म्हणाला. तिसऱ्या रांगेत नटांच्या घरच्यांना फुकट पास दिलेले असतात, तेव्हा त्यांना वर बाल्कनीत हलवून पाहू, असं तिने सुचवलं. खोकले तरीही आले, तर लोकच कंटाळतात हे नक्की झालं. मामाने मान डोलावली. आज दौऱ्यासाठी नाटकं निवडणारे पाहुणे यायचे होते. मामा एरवी प्रयोगभर विंगेत येरझाऱ्या घालायचा. आज तो तिसऱ्या रांगेत पाहुण्यांशेजारी बसणार होता. खोकले आले, तर उद्यापासून अण्णांचा प्रवेश नाही, हेही त्याने सांगून टाकलं होतं.

तिसऱ्या रांगेत, अगदी कडेच्या खुर्चीवर, प्रत्येक प्रयोगाला अण्णांच्या पत्नी बसत.

तिने हेडफोन काढून ठेवले आणि जिन्याकडे धावली.

काकू बाल्कनीत पहिल्याच रांगेत होत्या. कठड्यावर दोन्ही हात, हातात रुमाल. तिला धापा टाकत आलेली पाहून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली.

"ऐकलंस वाटतं," त्या म्हणाल्या.

काकूंनी रुमालाची गाठ सोडून खोकल्याच्या गोळ्या दाखवल्या. खरा खोकला भलत्या वेळी येऊ नये म्हणून आधी एक चघळते, म्हणाल्या, आणि हसल्या.

"शब्द सगळे पाठ आहेत गं ह्यांचे. एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. पण गप्प उभे राहिले की कुठेतरी निघून जातात. घरीसुद्धा. तिथे हाक मारली की परत येतात. इथे हाक कशी मारणार?"

"मग खाली चला. मी मामाला सांगते."

"मामाला सांगायचं नाही." काकूंनी तिचं मनगट धरलं. "प्रवेश गेला, तर लोकांना आवडला नाही म्हणतील आणि सोसतील. हे चार लोकांत कळलं, तर पुन्हा घराबाहेर पडायचे नाहीत."

"वरून त्यांना ऐकू जाईल?"

काकूंनी खाली रंगमंचाकडे पाहिलं. अंतराचा अंदाज त्यांनी आधीच घेतला असावा.

"बघू," त्या म्हणाल्या.

शेवटची घंटा झाली. ती पायऱ्या उतरून खालच्या दाराशी पोचली, तेव्हा दारवान कडी घालत होता. ती म्हणाली, मला नुसतं आत कडेला उभं राहू द्या. दारवान भला माणूस होता. त्याने खरोखरच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला.

"नाही हो ताई. कुणालाच नाही म्हणून सांगितलंय. तुमच्याच कागदात आहे ना ते?"

मग तिच्यापाशी एकच जागा उरली, मागची काचेची खोली. तिथून सगळं दिसे, माईकमधून ऐकूही येई, पण आतला आवाज बाहेर जात नसे. कुणी तिथे छाती फुटेस्तोवर खोकलं असतं तरी फुकट होतं.

पहिला अंक झकास गेला. हशे आपापल्या जागी पडले, हिरव्या रेघा उंच गेल्या. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या रांगेत मामाचं टक्कल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाहुण्यांची डोकी दिसत होती. कडेच्या खुर्चीवर कुणीतरी अनोळखी माणूस मांडीवर कोट घेऊन बसला होता.

दुसऱ्या अंकात अण्णा आले. हातात कुलूप. त्यांनी खुर्चीवरची धूळ हाताने पुसली, खिडकीपाशी गेले, पडद्याचं टोक दोन बोटांत धरलं आणि थांबले.

सुरुवातीला ती शांतता सुंदर होती. अख्खं सभागृह त्या दोन बोटांकडे बघत होतं. मग वाक्याची वेळ झाली, आणि वाक्य आलं नाही.

संगणकाच्या पडद्यावर बाल्कनीची रेघ थरथरली. काकू.

अण्णा हलले नाहीत. बोटं तशीच, मान जराशी कललेली. खिडकीबाहेर त्यांना काहीतरी दिसत होतं, ते नाटकातलं नव्हतं. बाल्कनीची रेघ पुन्हा थरथरली, या वेळी जरा मोठी. मामाने मान वळवून वर बाल्कनीकडे पाहिलं, मग अण्णांकडे. विंगेतल्या मुलीने हातातली संहिता छातीशी धरली. पाहुण्यांपैकी एकाने शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. तिने काचेवर तळवा टेकला. हे आपण केलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्या बाईला तिच्या खुर्चीवरून आपण उठवलं.

तिसऱ्या रांगेची रेघ एकदम उसळली. लालभडक, पडद्याबाहेर जाईल इतकी.

खोकला मोठा होता, घोगरा होता, अगदी निर्लज्ज. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून रागाने पाहिलं. मामाने मान खाली घातली आणि खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

अण्णांच्या खांद्यांना एक हलका झटका बसला. त्यांनी पडद्याचं टोक सोडलं.

"ही खिडकी उघडीच राहू दे," ते म्हणाले. "बंद घराला लवकर म्हातारपण येतं."

त्या प्रवेशात अण्णांनी गप्प राहायच्या आणखी जागा होत्या. प्रत्येक जागी मामा खोकला. शेवटच्या वेळी तर शेजारच्या पाहुण्याने आपल्या पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली, आणि त्याने ती घेतलीही.

प्रयोग संपल्यावर तो काचेच्या खोलीत आला. पाहुणे काय म्हणाले ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तो पडद्यापुढे वाकून उभा राहिला.

"आज किती?"

"तिसऱ्या रांगेत बरेच आहेत."

"कुणाचे?"

"माईक माणूस ओळखत नाही, मामा. रांग ओळखतो."

त्याने हुंकार दिला. मग बाल्कनीच्या रेघेवरच्या त्या बारीक थरथरीवर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहू दिलं.

"उद्यापासून काकूंना त्यांची जुनी खुर्ची दे," तो म्हणाला. "वरून नीट दिसत नाही."

"आणि प्रवेश?"

तो तोवर दाराबाहेर पडला होता. ती मागोमाग गेली.

रंगपटाच्या बोळात अण्णा तोंडावरचा रंग पुसत उभे होते. काकू जिना उतरून, कठड्याला धरत हळूहळू आल्या. अण्णांचा चेहरा खुलला. आज लोक कसे गप्प बसले होते पाहिलंस ना, म्हणाले. मग जवळ सरकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्यांनी विचारलं. पण नटाचा आवाज तो, सगळ्यांना ऐकू गेला.

"तुला सर्दी झालीय का गं? आज फार जड वाटला आवाज."

मामा एकदम वाकून बुटाची नाडी बांधू लागला. ती सुटलेली नव्हती.

"झालीय जराशी," काकू म्हणाल्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली, एक गोळी काढली आणि अण्णांकडेच बघत, मागे हात करून ती मामाच्या तळहातावर ठेवली.