चावी टाकून थांबताना

काटा खाली येत होता. पेट्रोलच्या नळीला जोडलेल्या मीटरचा तो तांबडा काटा, कुणी ढकलत नसताना, हळूहळू... तातेरावांना वाटलं, आता थांबेल, इथं तरी थांबेल, पण तो शून्यावर जाऊनच टेकला.

"बघितलं?" इब्राहीम मिस्त्री म्हणाला. "पंपाचा व्हॉल्व्ह गेलाय. गाडी रातभर उभी राहिली की नळीतलं पेट्रोल टाकीत वापस. मंग तुम्ही स्टार्टर मारता, मारता... बॅटरी बिचारी फुकट मार खाती."

तातेराव तीर्थपुरीहून जालन्याला एवढ्यासाठी आले नव्हते. त्यांना एकच विचारायचं होतं आणि ते सबंध रस्ता त्यांनी मनात घोळवत आणलं होतं.

"हे कधीपासून असंल?"

"दोन वर्षं तरी. ही एका दिवसाची बीमारी न्हाई."

दोन वर्षं. म्हणजे फाल्गुनातल्या त्या सकाळीही हे होतंच – द्वारका मागच्या सीटवर छाती धरून पडलेली, गाडी आठ मिनिटं नुसती कण्हत राहिलेली, शेवटी गल्लीतल्या भुजंगची जीप आली, आणि दवाखान्यात डॉक्टरनं आधी नाडी बघितली, मग भिंतीवरचं घड्याळ... मला कळायला पाहिजे होतं. पण कळणार कसं? त्याआधी गाडी कधी अडलीच नव्हती.

"न्हाई इब्राहीमभाई. आमची मंडळी गेली त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत झटक्यात लागायची."

इब्राहीमनं परत काट्याकडे बघितलं. "मंग तवा तुम्ही वेगळं काही करत असाल. बसा आत. चावी नुसती टाका, स्टार्टर न्हाई... आता बंद. परत टाका. हळू, काका, सासरवाडीला जायचंय का? बंद. परत. चावी टाकली की पंप दर वेळी जरा पेट्रोल वर ढकलतो. हां, आता मारा."

इंजिन एका दमात लागलं.

तातेरावांचा हात चावीवरच राहिला. चावी टाकायची, काच खाली घ्यायची, बंद करायची, वैतागून परत टाकायची – हे या हातानं हजार वेळा केलं होतं. द्वारका दाराला कुलूप लावायची, मग गॅस बघायला परत आत जायची, मग कुंपणावरून सगुणाबाईशी दोन शब्द. ते हॉर्न वाजवायचे. "आले की," ती म्हणायची. "जा मला सोडून. बघू किती लांब जाता." तेवढ्यात पेट्रोल वर चढलेलं असायचं.

फक्त त्या दिवशी शेजारच्या बायांनी तिला आधीच गाडीत आणून ठेवलं होतं. तातेराव चावी घेऊन पळत आले आणि बसल्या बसल्या सरळ स्टार्टर मारला. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्या आधी गाडीत बसली होती.

"पंप बदलून टाकू ना, काका?"

आठ महिने तातेराव मनात तिच्याशी बोलत होते, आणि ते सगळं माफी मागणंच होतं. आता घशाशी आलं ते निराळं होतं. कधी वेळेवर आली नाहीस... लग्नात मला मांडवात तासभर ताटकळत ठेवलंस, लोक हसले – आणि नेमकं त्याच दिवशी तुला घाई झाली? हे बरोबर नव्हतं, तिचा काय दोष, त्यांना कळत होतं. पण राग खरा होता, ऊन होता, आणि तो घालवून द्यावा असं त्यांना वाटेना. इब्राहीम उत्तरासाठी उभा होता. तातेराव समोरच्या काचेकडे बघत तिच्याशी भांडत राहिले.