डाव्या हाताची शीर

कट्ट्याच्या बाजारातून मसुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला मथुरेचं घर. घरात तीनच माणसं. मथुरा, तिचा नवरा सत्यवान आणि सत्यवानाची थोरली बहीण विमला. मुलगा सर्वेश मुंबईला नोकरीत. सत्यवान काजूची बाग बघायचा, मथुरा घर बघायची, आणि बावीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली विमला, कुणी सांगितलं नाही तरी, उरलेलं सगळं बघायची.

मथुरेला मधुमेह जुना. त्यात रक्तदाब. मग पाय सुजायला लागले, जेवण नकोसं झालं, आणि कुडाळच्या डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं, "दोन्ही किडन्या मिळून पंधरा टक्केही काम करत नाहीत. तीन-चार महिन्यांत डायलिसिस लागेल. त्याच्या आधी हात तयार करून ठेवू."

हात तयार करायचा म्हणजे काय, हे तिला कळलं नाही. डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढल्या. एक धमनी, एक शीर. धमनीत रक्त जोरात धावतं, शिरेत संथ. दोन्ही मनगटाजवळ जोडल्या की धमनीतलं जोराचं रक्त शिरेत शिरतं, आणि त्या जोराने शीर हळूहळू रुंद आणि जाड होते. मग तिच्यात डायलिसिसच्या सुया बसतात.

"पण तुमची शीर बारीक आहे," डॉक्टर म्हणाले. "जोडायचं काम मी करेन. ती भरायची की नाही, ते पुढे तुम्ही किती व्यायाम करता त्यावर बरंच अवलंबून आहे. मूठ दाबलीत की हाताच्या स्नायूंना जास्त रक्त लागतं. प्रवाह वाढतो. प्रवाह वाढला की शीर मोठी होते."

"आणि नाय झाली तर?"

"तर मानेत नळी घालावी लागेल. त्यात जंतू शिरायची भीती जास्त."

सत्यवान त्या वेळी खाली औषधांच्या खिडकीवर होता. मथुरेजवळ बसली होती विमला. ती सगळं लक्ष देऊन ऐकत होती.

ऑपरेशनच्या दिवशी मथुरेच्या डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या. आता त्या हातात बांगडी नाही, घड्याळ नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही, जड पिशवी नाही. टाके निघाले तेव्हा नर्सने रबराचा मऊ चेंडू दिला. दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं. दाबायचा, पाच आकडे होईपर्यंत धरायचा, सोडायचा. आणि रोज अर्धा तास चालायचं, कारण चालण्याने सगळ्याच अंगातलं रक्त खेळतं.

मथुरेने दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी चेंडू खिडकीत पडून राहिला. हात दुखत होता, मळमळत होतं आणि मुख्य म्हणजे तिला ते सगळं फुकट वाटत होतं. एवढ्याशा चेंडूने काय होणार? सत्यवान बिचारा म्हणाला, "जमात तेवढाच कर. जीवाक तरास करून घेव नको." शेजारच्या बायकाही म्हणाल्या, किडनीच्या माणसाने पडून राहावं.

दुपारी विमला हात पुसत आली आणि तिच्यासमोर पाटावर बसली. मांडीवर चेंडू.

"हात दी."

"कित्याक?"

"डॉक्टरान काय सांगल्यान ता मी आयकलंय. तू दाब, मी पण दाबतंय."

"तुमका काय जाला, वन्सं? तुमी कित्याक दाबतास?"

"एकट्याक कंटाळो येता. दाब."

विमलाने आपली रिकामी मूठ आवळली आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मथुरेला हसू आलं, मग तिने चेंडू दाबला. साठीतल्या त्या दोन बायका समोरासमोर बसून मुठी उघडत-मिटत होत्या. दहा मिनिटांनी विमलाने आपली बोटं मथुरेच्या मनगटावर, जखमेच्या थोडी वर ठेवली. तिथे आत काहीतरी बारीक थरथरत होतं, मांजराच्या गळ्यावर बोट ठेवल्यावर लागतं तसं.

"लागता गो!" विमला म्हणाली. "रगात धावता."

त्या दिवसापासून चार वेळा हे ठरलेलं झालं. चहाआधी, जेवणाआधी, दुपारी, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर. संध्याकाळी ऊन उतरलं की दोघी कट्ट्याच्या स्टँडपर्यंत चालत जायच्या. पहिल्या आठवड्यात मथुरा तीनदा बसायची. पायांत गोळे यायचे. विमला उभी राहून वाट बघायची, घाई करायची नाही. महिन्याभरात मथुरा एकदाही न बसता स्टँडपर्यंत जाऊ लागली. झोपताना तिचे पाय थंडगार असायचे, ते आता तसे राहत नव्हते. ही गोष्ट तिने सत्यवानला सांगितली तेव्हा तो तिच्या पायाला हात लावून बघत बसला.

माघात शेजारच्या सृष्टीकडे हळदीकुंकू होतं. मथुरा नवी साडी नेसून गेली. कुंकू लावताना तिथल्या एका बाईने तिचा डावा हात बघितला.

"ह्यो हात उघडो कित्याक गो? घोव आसा मां तुझो?"

नवरा चांगला धडधाकट आहे, बांगड्या ऑपरेशनमुळे काढल्या, असं मथुरेने सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं, पण पुढच्या वाणाच्या वेळी कुणीतरी तिला जरा बाजूला बसवलं. वाईट हेतूने नाही, सवयीने. मथुरा वाण घेऊन घरी आली. विमला मागच्या पडवीत गेल्या वर्षीच्या कोकमाच्या सोलांना ऊन दाखवत होती. तिला असल्या ठिकाणी कुणी बोलावतच नसे, आणि बावीस वर्षांत मथुरेला ते कधी वेगळं वाटलं नव्हतं.

ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

"वन्सं, सर्वेशच्या लग्नात हळदीक मी तुमका मागे बसूक सांगलंय."

विमलाचे हात थांबले नाहीत. "हात दाबलंस आज दुपारी?"

"नाय."

"मगे ता आदी कर."

मथुरेने चेंडू आणला. बराच वेळ दोघी मोजत राहिल्या. मग विमला म्हणाली, "सांगलंस. सर्वेशाक मी न्हानपणापासून मांडयेर घेतलंय, म्हणान माका वायट वाटला. खोटा कित्याक बोलू? पण तेका धरून बसलंय नाय मी."

"माका आज समाजला."

"बरा झाला. आता पुरे," विमला म्हणाली, आणि ओल्या डोळ्यांनी हसून पुन्हा एकपासून मोजू लागली, कारण आकडा दोघींनाही आठवत नव्हता.

व्यायाम सुरू झाल्यापासून सहाव्या आठवड्यात मथुरेचं पोट बिघडलं. दोन दिवस उलट्या-जुलाब. पाण्याचा घोटही टिकेना. तिसऱ्या दिवशी सकाळी विमला नेहमीसारखी तिच्या बिछान्याशी आली आणि मनगटावर बोटं ठेवली. मग बोटं थोडी सरकवली. मग वाकून कान लावला.

"मथुरे, ऊठ. लुगडा बदल."

"काय झाला?"

"थरथर लागना नाय. अगदीच बारीक आसा. सत्या, रिक्षा बोलव!"

सत्यवान धावत आला. "दुपारपर्यंत बगूया काय? तिका उठवना नाय."

"दुपार नको. आता."

विमला भावाशी आयुष्यात कधी अशा आवाजात बोलली नव्हती. सत्यवानाने लगेच रिक्षा आणली. कुडाळपर्यंत विमलाने मथुरेचा हात मांडीवर धरून ठेवला होता, आणि मथुरेला वाटत होतं, सगळं गेलं, एवढे दिवस फुकट गेले.

डॉक्टरांनी रक्तदाब बघितला. फारच खाली गेला होता. अंगातलं पाणी कमी झालं, दाब उतरला, आणि नव्या शिरेतला प्रवाह मंदावला. सोनोग्राफी केली. शिरेत रक्ताची गाठ धरली नव्हती. जपून, थोडंथोडं सलाईन सुरू केलं. मथुरा छताकडे बघत पडून राहिली. विमलाची बोटं मनगटावरून हलली नाहीत. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा विमला एकदम म्हणाली, "इली!"

डॉक्टर आले, त्यांनी स्वतः बघितलं. "आली, खरंच आली. हे कुणाच्या लक्षात आलं?"

सत्यवानाने बहिणीकडे बोट दाखवलं.

"मावशी, आणखी काही तास गेले असते तर शीर बंद झाली असती," डॉक्टर म्हणाले. "मी पेशंटना सांगतो, रोज हात लावून बघा. फार थोडे बघतात."

विमलाची बोटं अजून मनगटावरच होती. ती म्हणाली, "चेंडू कदी चालू करूचो?"

नवव्या आठवड्यात तपासणी झाली. शीर सहा मिलिमीटरची झाली होती. डॉक्टरांनी कागदावरचा आकडा दोघींना दाखवला आणि म्हणाले, किडन्या काही सुधारलेल्या नाहीत, ते व्यायामाने होणारं नव्हतं. पण मानेत नळी घालायची गरज नाही, आणि चालण्यामुळे तब्येत डायलिसिस सोसेल अशी झाली आहे.

चैत्रात मालवणला डायलिसिस सुरू झालं. पहिल्या दिवशी मथुरा घाबरली होती. दिव्या नावाची तिथली तंत्रज्ञ मुलगी तिशीतली, हसरी. तिने हातावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काय सुंदर शीर केलीत हो! अशी शीर मिळाली की आमचं काम सोपं होतं."

"मी खंय केलंय," मथुरा म्हणाली. "ह्येंनी केल्यानी." आणि तिने पायाशी उभ्या असलेल्या विमलाकडे मान केली.

दोन सुया बसल्या. नळ्या लाल झाल्या, यंत्र फिरायला लागलं. मथुरा बघत होती. तिचं रक्त बाहेर जाऊन, धुऊन, परत येत होतं. तिने मनातल्या मनात डॉक्टरांचं नाव घेतलं, नर्सचं घेतलं, भराडी देवीचं घेतलं, आणि मग डोळे मिटून विमलाचं घेतलं. मोठ्याने घेतलं असतं तर विमलाने तिला गप्प बसवलं असतं.

चार तासांनी दोघी बाहेर पडल्या. सत्यवान रिक्षा घेऊन उभा होता. डायलिसिस सुरू झाल्यावर अंगात ताकद यायला मासे, अंडी खा, असं डॉक्टरांनी आता उलट सांगितलं होतं. इतके महिने मथुरेने मासे मोजूनमापून खाल्ले होते. रिक्षा मासळी बाजाराशी थांबवून विमला उतरली आणि ताज्या मुडदुशांचा वाटा घेऊन आली.

घरी आल्यावर मथुरेने तिला चुलीकडे जाऊ दिलं नाही. उजव्या हाताने तिने मुडदुशांना हळद-मसाला लावला, तव्यावर टाकले, आणि ताटं मांडली. आजवर ती आधी सत्यवानाला वाढायची, विमला सगळ्यांच्या मागून जेवायची. आज तिने पहिला तळलेला मासा विमलाच्या ताटात ठेवला.

"अगो, त्येका वाढ आदी," विमला म्हणाली.

"तुमी खावा, वन्सं."

सत्यवान म्हणाला, "आक्का, खा गो. निवतलो तो."

विमलाने घास घेतला. "मीठ कमी आसा," ती म्हणाली.

"माझा पथ्य आसा," मथुरा म्हणाली, आणि तिघंही हसत जेवायला बसली.