चाक हवा धरंना

टायर बसंना आणि माझं तोंड थांबंना, अशी आमची शनवारची सकाळ चालली होती. सून शिवलीला रिंगवर वाकलेली आणि मी तिच्या डोक्यावर उभी. नळी लावली की सगळी हवा कडेनं सुस्स करून निघून जायची. फाटक्या पोत्यात जोंधळं भरावं तसं.

"आत्ती, जरा बाजूला व्हा. सावली पडतीया."

"माझ्या सावलीनं हवा ऱ्हाईना व्हय? बापानं पाठवताना काय शिकवून पाठवलं तुला?"

"बापाच्या दारात सायकल बी नव्हती. टायरी कुठल्या शिकवतोय?"

पोरगी उलटून बोलते, पण बोलताना हात थांबत नाही. तेवढ्यासाठी मी तिचं ऐकून घेते. एरवी घेतलं नसतं.

आम्ही मूळचे चिकोडीकडचे. आता बेंगळुरात हेब्बाळच्या पुढं, मोठ्या रस्त्यावरनं आत, निलगिरीच्या कडेला गुंडूरावांचं रान आहे, तिथं राखणीला राहतो. पत्र्याची एक खोली, पुढं तांबडी माती आणि डोक्यावरनं विमानं. गुंडूरावांचं शिवाजीनगरात दुकान. पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात काढलेली माणसं, मराठी बोलतात पण निम्मं कानडी मिसळून. त्यांच्या रानात पूर्वी नाचणी व्हायची. मग कुणीतरी तिथं जाड चाकांच्या बुटक्या चारचाकी गाड्या आणल्या. शहरातली माणसं यायची, खड्ड्याखड्ड्यांतनं त्या पळवायची आणि चिखलानं माखून हसत हसत परत जायची. आमच्या गावाला चिखल तुडवणं नशिबात होतं, इथं त्याची हौस! पुढं तो धंदेवाला उठून गेला. गाड्या पावसात तशाच पडल्या. हवा गेली, टायरी चेपून बसल्या, रिंगेला गंज चढला.

त्यात माझ्या नागनाथचं असं. व्हाइटफील्डच्या कंपन्यांतली माणसं रात्री ने-आण करणारी टॅक्सी तो चालवायचा. दिवसा पत्र्याखाली झोप लागायची नाही आणि रात्री डोळा मिटून चालायचं नाही. एका पहाटे मिटला. गाडी दुभाजकावर चढली. माझं लेकरू वाचलं. गाडी मालकानं दुरुस्तीला टाकली, ती सोमवारी परत येणार होती आणि नागनाथलाही मालकानं सोमवारीच बोलावलं होतं.

गुंडूराव म्हणाले होते, "कृष्णक्का, रविवारी व्हाइटफील्डची चार माणसं येणार आहेत. रानातल्या त्या गाड्यांतली एक चालवून दाखवा. चालली तर हा सगळा पसारा नागनाथच्या ताब्यात. नाही चालली तर माझ्याकडे दुसरा माणूस थांबलाय. मग मला नावं ठेवायची नाहीत, सरी?"

"सरी," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? लेकाला परत त्या रात्रीत ढकलायचं नव्हतं.

तीन चाकं कशीबशी बसली होती. मागचं एक अडून बसलं होतं. वळणावरचा पंक्चरवाला शिवकुमार आपला लाल टाकीचा कॉम्प्रेसर द्यायला आला, तेव्हा त्यानं ते चाक फिरवून बघितलं आणि मान हलवली.

"आगल्ल, अक्का. होणार नाही. टायर म्हातारी झाली. आता अंग फुगवणार नाही ती."

"म्हातारीचं माझ्याकडं बघून बोलू नगंस."

"एक उपाय आहे. आत स्वल्प पेट्रोल शिंपडायचं आणि काडी लावायची. धाडकन बसतंय."

"तुझी डावी भिवई कुटं गेली रं?"

त्यानं कपाळ चाचपलं. भिवई खरंच निम्मी होती. शिवलीला तोंडाला पदर लावून हसली. तो फटफटीला किक मारून गेला.

नागनाथ वाल्व्हच्या पिना आणायला शिवाजीनगरला गेला होता. जाताना बायकोला सांगून गेला होता की रिंग घासून साबणाचं पाणी लावायचं, फोनात तसं दाखवलंय. शिवलीलानं गंज घासून काढला आणि साबणाची बादली आणली. मी ती पायानं बाजूला सारली.

"चाकाला साबण? चाक काय धुणं हाय? चाक म्हटलं की वंगण. सासऱ्याच्या गाडीला वंगण घालण्यात माझी उमर गेली. चाक कधी कुरकुरलं न्हाई."

"आत्ती, ते आसाला घालायचं. हितं कडंला..."

"तू गाडी कधी जुपलीयास?"

तिनं जुंपली नव्हती. मी एरंडेल आणलं, त्यात काजळी कालवली आणि रिंगेच्या कडेला, टायरीच्या ओठांना, सगळीकडं हातानं चोपडलं. दोघींनी टायर दाबून धरली, हवा सोडली. आणि काय सांगू, लोण्यासारखी वर सरकली! फट्ट! मग परत फट्ट! दोन्ही कडा बसल्या. चाक टम्म फुगलं.

"बगितलंस?" मी म्हणाले.

"बगितलं," ती म्हणाली. पण तिचा चेहरा मला आवडला नाही.

दुपारनंतर नागनाथ आला. चाकं चढवली आणि गाडी सुरू झाली. घुर्र करून बांधाबांधानं निघाला तेव्हा माझा ऊर भरून आला. वळणावर त्यानं जोर लावला आणि रिंग आतल्या आत फिरली. टायर जागेवर, रिंग फिरतेय! तेलानं टायरीला धरच उरला नव्हता. फस्स झालं, टायर कडेवरनं सुटली, गाडी एका अंगाला कलली आणि नागनाथ निलगिरीच्या बुंध्याशी जाऊन पडला.

मी धावले. कोपर सोलून निघालं होतं, बाकी धड होता. उठून त्यानं रिंगेवर बोट फिरवलं, बोट काळं झालं. त्यानं बायकोकडं बघितलं. बायकोनं खाली मातीकडं बघितलं. तिनं माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मी भांडले असते, मोकळी झाले असते.

"ऱ्हाऊ दे आये," तो म्हणाला. "सोमवारी जातो टॅक्सीवर. सवय हाय मला."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. होता तो नुसता शिणवटा.

मी चुलीतली राख घेतली, धुण्याचा सोडा घेतला आणि ते चाक मांडीवर घेऊन बसले. घासलं, धुतलं, परत घासलं. तेल लवकर निघत नाही. घालायला सोपं, काढायला कठीण. सांज होईपर्यंत बोटांची सालं गेली. शिवलीला पाणी ओतत राहिली.

रविवारी सकाळी गार धुकं होतं. रबर दगडासारखं कडक झालं होतं. न्हाणीच्या हंड्यातलं कढत पाणी तिघांपैकी कुणी अंगावर घेतलं नाही, सगळं टायरीवर ओतलं. रबर जरा नरमलं. तेव्हा शिवलीलानं साबणाची बादली माझ्या पुढ्यात ठेवली. मी गुमान साबण लावला.

नागनाथ म्हणाला, "टायरीच्या पोटाला पट्टा आवळायचा. पोट आत गेलं की कडा भाईर सरकत्यात. पण आपल्याकडं तसला पट्टा न्हाई."

"कासरा हाय की," मी म्हणाले. "कडब्याची गाडी कशी आवळतोय?"

कासरा टायरीच्या मधोमध दोनदा गुंडाळला, त्यात दांडकं घातलं आणि मी पीळ द्यायला लागले. एक पीळ, दुसरा पीळ. टायरीची कंबर आत गेली, कडा बाहेर आल्या. माझे दंड थरथरायला लागले, तेव्हा शिवलीलानं दांडक्याचं दुसरं टोक धरलं. नागनाथनं वाल्व्हची पिन काढून नळी लावली, हवा जोरात आत शिरावी म्हणून.

"सोडू नगा! धरा!"

"धरलंय रं! तू तुझं बग!"

आधी सुस्स, सुस्स. मग आवाज आत दबला. आणि फट्ट. आम्ही दोघी दचकलो. दांडकं ढिलं केलं, कासरा सोडला. जरा वेळानं दुसऱ्या बाजूनं फट्ट. नागनाथनं कडेला साबणाचं पाणी टाकून बघितलं. एका जागी बारीक बुडबुडे येत होते.

"एवढं चालंल," तो म्हणाला.

गुंडूराव मंडळींना घेऊन आले. नागनाथनं गाडी ओढ्यापर्यंत नेली, चढावर चढवली, वळवून आणली. मी निलगिरीला टेकून उभी होते आणि त्या चाकावरनं नजर हलवत नव्हते. मग ती माणसं पाळीपाळीनं बसली, ओरडली, मातीनं तांबडी झाली. चाक टिकलं. जाताना गुंडूरावांनी गाड्यांच्या किल्ल्या नागनाथच्या हातात ठेवल्या. "सांभाळ," म्हणाले. "आणि अक्का, चहात साखर जास्त होती."

"आमच्याकडं पाव्हण्याला तसाच देत्यात," मी म्हणाले.

सोमवारी ऊन पत्र्यावर आलं तरी नागनाथ उठला नव्हता. मातीनं भरलेल्या कपड्यांतच, भिंतीकडं तोंड करून पडला होता. लहानपणी झोपायचा तसा, तोंड उघडं टाकून. त्याचा फोन वाजला. मी घेऊन बाहेर आले. टॅक्सीचा मालक होता.

"नागनाथ कुठंय? गाडी आली. आज रात्रीपासून यायला सांगा."

"झोपलाय."

"मग उठवा."

"ल्योक माझा हाय. झोपवायचा कवा आन् उठवायचा कवा, ते मी बगंन. तुमी दुसरा बगा."

फोन ठेवला. शिवलीला मागं उभी होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आत्ती, त्या चाकातली हवा उतरलीया."

"कॉम्प्रेसर लावू नगंस. आवाज हुतोय."

तिनं सायकलचा हातपंप आणला. त्या पंपानं एवढं मोठं चाक भरायचं म्हणजे चमच्यानं विहीर भरायची. आम्ही दोघी आळीपाळीनं मारत राहिलो. एकीचा हात भरून आला की दुसरी. मधेच खोलीतनं घोरण्याचा आवाज आला, तशी आम्ही पंप आणखी हळू मारायला लागलो.