आधी पांढरं, मग पाव

आमच्या बेकरीत भट्टीतून निघालेला पहिला पाव विकायचा नाही, असा नियम आहे. तो आमचे हे खातात. लोणी नाही, जॅम नाही, नुसते दोन जाड तुकडे, स्टुलावर बसून, डोळे मिटून. मग निकाल देतात, "मीठ कमी," नाहीतर "पाव घाईत भाजलाय." एकदा तापाने आठवडाभर अंथरुणावर होते, तर निम्मी गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून गेली. ह्यांच्या जिभेवर आमचं दुकान चालतं.

म्हणून ह्यांना साखरेचा आजार निघाला तेव्हा मला आधी दुकानाची काळजी लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बोट टोचून साखर मोजायचं यंत्र दिलं. पाव खाल्ल्यावर दोन तासांनी मोजायचं आणि वहीत लिहायचं. पहिला आठवडा छान गेला, आकडा एकशेसाठच्या आसपास. मग मी कारभार हातात घेतला आणि आकडा दोनशेच्या वर जाऊन बसला.

डॉक्टर म्हणाले, "तीन आठवड्यांत खाली आला नाही, तर पाव चाखणं बंद."

मला काय, चोर घरातच दिसत होता. केकचं कपाट समोर, आणि माणूस गोडघाशा! मी कपाटाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. आकडा चढला की वहीत लाल पेनाने शेरा मारायचा: 'चोरून खाल्लं.'

"अगं, शपथ घेऊन सांगतो, नाही खाल्लं," हे म्हणायचे.

"खाई त्याला खवखवे," मी म्हणायचे. चारचौघांतसुद्धा म्हणायचे. ह्यांनी हळूहळू बोलणंच सोडलं.

बाराव्या दिवशी नणंद आली. ती आहारावर संशोधन करते, आणि भावाची बाजू घ्यायला तिला संशोधन लागत नाही. तिने वही चाळली.

"वहिनी, या तारखेपासून काय बदललं?"

"काही नाही. उलट मी अंडीसुद्धा बंद केली," मी तोऱ्यात सांगितलं.

पावाला चकाकी यावी म्हणून आम्ही वरून बलक फासतो. पांढरं उरतं. पाव भट्टीत असताना हे ते पांढरं तव्यावर परतून खायचे, वाया जाऊ नये म्हणून. तेवीस वर्षांची सवय. आजारी माणसाला अंडं कशाला, म्हणून मी ते शेजारच्या शिंप्याच्या कुत्र्याला घालू लागले होते. कुत्रा चांगला गुटगुटीत झाला होता.

नणंद हसत सुटली. "अगं वहिनी, त्या पांढऱ्यात नुसती प्रथिनं. पोटात गेली की त्यांची अमिनो आम्लं होतात. ती रक्तात पोचली की इन्सुलिन सोडायचा इशारा मिळतो. शिवाय जठर सावकाश रिकामं होतं. म्हणजे पावाची साखर येते हळूहळू, आणि तिला आवरणारं इन्सुलिन आधीच कामाला लागलेलं असतं. सगळ्यांना सारखाच फरक पडत नाही, पण दादाला पडत असावा. मोजून बघू."

दुसऱ्या दिवशी पाव तोलून दिला, नुसताच. दोन तासांनी दोनशे चौदा. तिसऱ्या दिवशी तेवढाच पाव, पण आधी पांढरं. मी यंत्राकडे बघायला तयार नव्हते.

"एकशे बासष्ट," नणंदेने वाचलं.

आणखी चार दिवस तसंच केलं, आकडा तिथेच राहिला. डॉक्टरांनी वही बघितली. गोळ्या चालूच ठेवायच्या, तुकडे दोनच, पण चाखायला हरकत नाही, असं म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. आणि लाजही वाटली, खूप वाटली. करायला गेले एक आणि झालं भलतंच, त्यात नवऱ्याला चोर ठरवून बसले.

घरी आल्यावर कुलूप काढलं, वही उघडली आणि ह्यांच्यासमोरच एकेक शेरा खोडू लागले. एकूण अकरा होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तुम्ही खरं बोलत होतात."

नवव्या शेऱ्यावर पेन टेकलं तसा ह्यांनी माझा हात धरला.

"तो राहू दे."

"का हो?"

"त्या मंगळवारी खाल्ला होता. शिंप्याकडे. त्याच्या पोरीचा वाढदिवस होता." हे मान खाली घालून म्हणाले, "म्हटलं, नाव झालंच आहे, तर निदान खाऊन तरी घ्यावं."