जमीद समजून

मी एक काचेची बरणी बोलतेय. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण माझ्या पोटात तरसाची विष्ठा होती.

जन्माला आले तेव्हा असा काही बेत नव्हता. आमच्या करक शहरातल्या बाजारातून मला आणलं ते तेलात मुरवलेली वांगी भरायला. आठ वर्षं मी ती इमानेइतबारे सांभाळली. मग या घरची लेक हनादी जीवशास्त्राची पदवीधर झाली आणि माझं नशीबच उघडलं! डोंगरातल्या घळी पालथ्या घालून तिनं तरसाच्या अकरा लेंड्या जमवल्या. कुठली कुठल्या घळीतली हे कळावं म्हणून एकेकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि भरल्या माझ्यात. तरस हाडं चावून खातं, त्यामुळे त्याची लेंडी वाळली की पांढरीशुभ्र, टणक होते. माझ्यावर चिठ्ठी लावली ती इंग्रजीत, परदेशी प्राध्यापकांना फोटोत वाचता यावी म्हणून. घरातल्यांना वाचता यावी, हे कुणाच्या मनातही आलं नाही. शिकलेली माणसं!

तरसांवर पुढचं शिकायचं तर आधी एखाद्या प्राध्यापकानं तुम्हाला पदरात घ्यावं लागतं. हनादीनं एकेचाळीस जणांना ईमेल धाडले. आधी तब्येतीची चौकशी, मग दुवा, मग भरघोस स्तुती आणि तळाशी कुठेतरी बिचारं तरस. निम्मे गप्पच राहिले. उरलेल्यांची उत्तरं ती ओट्याशी बसून आईला वाचून दाखवायची. सगळ्यांचं एकच पालुपद, "तुमचा उत्साह वाखाणण्याजोगा आहे." म्हणजे, या आता.

अखेर नॉर्वेच्या हॅल्वर्सनबाईंनी लिहिलं, "स्तुती पुरे. तुमच्याकडची तरसं खातात काय? नमुने तपासून रविवारपर्यंत कळवा. जागा एकच आहे."

हनादीनं मला छातीशी धरून गिरकी घेतली. खरं सांगते, बरं वाटलं.

शुक्रवारी घरी पाहुणे जेवायला होते, म्हणून गुरुवारी सकाळीच मावशी मदतीला आली. मटणाच्या रश्शाला आमच्याकडे जमीद लागतं, म्हणजे दह्याचे वाळवलेले पांढरे, टणक गोळे. आलं ना लक्षात?

"अगं बाई, जमीदला रंगीत दोरे? काय हे फाजील लाड!" मावशीनं दोरे कापले आणि अकराच्या अकरा पातेल्यातल्या कोमट पाण्यात सोडल्या. जरा वेळानं वास घेतला. "ताई, यंदा फसवलं गं तुला जमीदवाल्यानं. आणि यात केस किती!"

तेवढ्यात हनादी आत आली. पातेल्यात डोकावली आणि किंचाळली.

"मावशी, तो तरसाचा गू आहे, गू!"

मावशीनं आपल्या हातांकडे पाहिलं. "मग जमीदशेजारी कुणी ठेवला तो? तरसानं?"

हनादी हमसून हमसून रडली. अकरा घळींचा एकच काला झाला होता. कुठला केस कुठल्या घळीतला, ते आता तरसालाही सांगता आलं नसतं.

आईनं पुढे केली चहाची गाळणी. "रडून काही वाळणार नाही ते. गाळ आणि बघ काय निघतंय."

निघालं बरंच. शेळीचे केस, गाढवाचा दात, कोंबडीच्या नख्या, एका चपलेचा पट्टासुद्धा.

"अकरा वेगवेगळे तपासले असंच लिहिते," हनादी डोळे पुसत म्हणाली. "तिकडून कोण बघायला येतंय?"

"लिही की," आई म्हणाली. "उद्या बाईंनी विचारलं, दात कुठल्या घळीतला, की सांग कुठली तरी. परवा दुसरी सांग."

हनादीनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. मग तिनं लिहिलं. या खेपेला तब्येत नाही, दुवा नाही. "मावशीनं जमीद समजून माझे नमुने एकत्र भिजवले. कुठलं कुठल्यातलं, ते आता सांगता येत नाही. जे मिळालं ते असं..."

शनिवारी उत्तर आलं. "भिजवणं बरोबर, आम्हीही तेच करतो. एकत्र भिजवणं चूक, आणि ती तुम्ही लपवली नाहीत. सप्टेंबरात या. मावशींना आणू नका."

मावशी गावभर सांगत सुटली, "भाचीला परदेशी मीच पाठवलं!"

हनादी गेली त्याला आता तीन आठवडे झाले. मला चार वेळा उकळलंय, तरी माझ्यात कुणी काही भरत नाही. मावशी आली की म्हणते, "फेक की गं ती घाण." आई ऐकून न ऐकल्यासारखं करते. रोज मला पुसते, झाकण उघडून उगाच आत बघते आणि परत फळीवर ठेवते. एवढी विनंती आहे, तुम्ही घरी आलात तर ती असं का करते ते तिला विचारू नका. एकुलती एक लेक आहे तिची.